पवनचक्कीचा वेग कोण ठरवते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पवनचक्क्यांविषयी आहेत आणि चारही किनारपट्टीवरच्या वाचकांची आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : १९८६ च्या सुमारास देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मी शाळेत होतो. पावसाळी वाऱ्यात त्यांची पाती अशी गरगर फिरत की त्यांचे फेरे मोजताना नजर चुके. गेल्या वर्षी मुलाकडे कच्छला गेलो, तर तिथल्या चक्क्या आमच्या चक्क्यांच्या कितीतरी पट मोठ्या, पण फिरतात मात्र प्रदक्षिणा घातल्यासारख्या संथ. वारा तर तिथेही भरपूर होता. इतक्या हळू फिरून त्या जास्त वीज कशी देतात? आणि हा वेग वारा ठरवतो की यंत्र? (एक वाचक, जामसंडे, ता. देवगड)

उत्तर : देवगडचा प्रकल्प हा देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रात्यक्षिक प्रकल्पांपैकी एक होता आणि त्या काळच्या चक्क्या प्रत्येकी ५५ किलोवॅटच्या असत. त्या क्षमतेच्या चक्कीची पाती फिरताना जे वर्तुळ काढतात, त्याचा व्यास साधारण १५ मीटर असतो आणि ती मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे घेते. आपण कच्छमध्ये पाहिलेल्या चक्कीचा व्यास १२० मीटर धरू आणि तिचे मिनिटाला १२ फेरे धरू. आता फेरे बाजूला ठेवून पात्याच्या टोकाकडे पाहा. लहान चक्कीचे टोक एका फेऱ्यात ४७ मीटर जाते, म्हणजे ५० फेऱ्यांत सेकंदाला ३९ मीटर, ताशी सुमारे १४० किलोमीटर. मोठ्या चक्कीचे टोक एका फेऱ्यात ३७७ मीटर जाते, म्हणजे १२ फेऱ्यांतही सेकंदाला ७५ मीटर, ताशी सुमारे २७० किलोमीटर. आपल्या डोक्यावरचा छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो, तरी त्याच्या पात्याचे टोक ताशी ८० किलोमीटरच्या आतच राहते. तेव्हा कच्छची चक्की संथ नव्हती. आपली नजर फेरे मोजते, अंतर मोजत नाही, एवढाच त्या संथपणाचा अर्थ.

पण टोक वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने जाते, हेच अनेकांना पटत नाही. वारा सेकंदाला दहा मीटर वाहत असताना त्याने ढकललेली वस्तू पंचाहत्तर मीटरने कशी जाईल, ही शंका रास्त आहे. शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला मात्र याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. वारा पाठीमागून आला की तो शीड नुसते ढकलतो आणि होडी वाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही. वारा आडवा असेल आणि शीड योग्य कोनात ताणलेले असेल, तर तेच शीड होडीला ओढून नेते. पवनचक्कीचे पाते या दुसऱ्या रीतीने काम करते. त्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो, त्याच्या दोन बाजूंवरून हवा वेगवेगळ्या दाबाने जाते आणि निर्माण होणारे बल हवेच्या दिशेला काटकोनात लागते. याला उचल म्हणतात. होडीला पाणी अडवते, पात्याला तसे अडवणारे काही नाही, म्हणून ते वाऱ्याला मागे टाकते.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती पावसाळ्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने अंगावर घेतलेली आहे. पाऊस सरळ खाली पडत असला तरी गाडी वेगात असताना तो समोरून तोंडावर येतो. पात्यालाही तसेच वाटते. वारा चक्कीला समोरून लागतो, पण सेकंदाला ७५ मीटर पळणाऱ्या टोकाला तो जवळजवळ आपल्या धावेच्या समोरून आल्यासारखा भासतो, तर मधल्या हबजवळ, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात आणि पाते संथ जाते, तिथे तो पुष्कळसा खऱ्या दिशेनेच येतो. म्हणून पाते बुंध्यापासून टोकापर्यंत पिळलेले असते. जमिनीवर ठेवलेले पाते कधी जवळून पाहायला मिळाले तर बुंध्याशी उभे राहून टोकाकडे नजर टाका. बुंध्याचा पृष्ठभाग आडवा धरला तर टोकाशी तो चांगलाच कललेला दिसेल.

टोकाचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांचे गुणोत्तर हा या शास्त्रातला कळीचा आकडा आहे. तीन पात्यांच्या चक्कीला हे गुणोत्तर सहा ते आठ यांच्या दरम्यान असले की वाऱ्यातली ऊर्जा सर्वांत चांगली हाती लागते. चक्की त्याहून हळू फिरली तर दोन पात्यांच्या मधल्या जागेतून बरीच हवा काही न देता निसटते. त्याहून जास्त वेगाने फिरली तर पुढच्या पात्याने घुसळलेली हवा हटायच्या आत मागचे पाते तिथे पोहोचते, घर्षण वाढते आणि फिरते वर्तुळ भिंतीसारखे वागू लागते. मग वारा त्यातून जाण्याऐवजी बाजूने वळसा घालतो. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही, याचेही कारण हेच आहे. हवेला पूर्ण थांबवले तर मागून येणाऱ्या हवेला जायला जागा उरत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिले की कितीही उत्तम चक्की केली तरी वाऱ्यातल्या ऊर्जेचा सत्तावीसपैकी सोळा भाग, म्हणजे ५९.३ टक्केच, घेता येतो. आजच्या चांगल्या चक्क्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातात, आणि त्या मर्यादेचा विचार केला तर हे थोडे नाही.

गुणोत्तर ठरले की व्यास वाढला तर फेरे कमी होणारच. पण टोकाच्या वेगालाही वरून झाकण आहे. आपल्या लहानपणच्या ५० फेऱ्यांच्या वेगाने १२० मीटरची चक्की फिरवली, तर तिचे टोक सेकंदाला ३१४ मीटर जाईल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ. तिच्या टोकाला वर्तुळात धरून ठेवायला लागणारे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६८ पट असेल; १२ फेऱ्यांना ते दहापटीच्या आतच राहते. पाते तुटण्याच्या कितीतरी आधी आवाज असह्य होतो, कारण पात्याचा आवाज टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या घातात वाढतो. म्हणून जमिनीवरच्या चक्क्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला ७० ते ८० मीटरच्या आसपास ठेवतात. समुद्रात, वस्तीपासून दूर, तो नव्वदपर्यंत नेता येतो.

कोकणाच्या दृष्टीने तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे पाऊस. सरीतला मोठा थेंब सेकंदाला जेमतेम आठ-नऊ मीटरने खाली येतो, पण ७५ मीटरने धावणारे टोक त्याच्यावर जाऊन आदळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर अशा थेंबांच्या माऱ्याने पात्याची पुढची कड हळूहळू खडबडीत होते, आधी रंग जातो, मग खालचे फायबर उघडे पडते आणि उचल कमी होते. त्या कडेवर संरक्षक पट्टी किंवा लेप लावतात. जोरदार सरींच्या वेळी फेरे थोडे कमी ठेवावेत, असाही उपाय अभ्यासक सुचवतात.

आता विजेकडे वळू. चक्कीला मिळणारी शक्ती पात्यांच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर आणि वाऱ्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते. फेऱ्यांची संख्या या हिशेबात थेट येतच नाही. १५ मीटरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १७७ चौरस मीटर, १२० मीटरच्या वर्तुळाचे ११,३१० चौरस मीटर, म्हणजे ६४ पट. सेकंदाला आठ मीटर वाऱ्यात या मोठ्या वर्तुळातून दर सेकंदाला शंभर टनांहून जास्त हवा जाते. वारा चार मीटरवर आला की हवा निम्मी होते, पण शक्ती आठपटीने घसरते. मृगाच्या नैर्ऋत्य वाऱ्यात जोमाने चालणारी किनाऱ्यावरची चक्की दसऱ्याच्या सुमारास आळसावते, ती या घनामुळे.

मग वेग ठरवते कोण? भातगिरणीत उभे राहिलेल्या माणसाला हे पटकन समजेल. नरसाळ्यात भात असेपर्यंत इंजिनाचा आवाज जड, दबलेला असतो. भात संपत आले की इंजिन एकदम हलके होते, पट्टा फडफडतो आणि गिरणीवाला न पाहताच हात पुढे करतो. इंजिनाला जे भात करते, ते पवनचक्कीला जनित्र करते. वारा पात्यांना पुढे रेटतो, जनित्र त्यांना मागे ओढते, आणि ज्या वेगाला हे दोन पीळ, म्हणजे फिरवणारे जोर, सारखे होतात त्या वेगाला चक्की स्थिरावते. तेव्हा वारा फक्त जोर पुरवतो. त्या जोरातून किती फेरे निघू द्यायचे, हे जनित्र किती ओढते त्यावर ठरते.

देवगडच्या पिढीतल्या चक्क्यांचे जनित्र थेट वीजवाहिनीला जोडलेले असे. आपल्या वाहिनीची वारंवारता ५० हर्ट्झ. चार चुंबकीय ध्रुवांचे जनित्र त्या वारंवारतेला मिनिटाला १५०० फेऱ्यांना बांधले जाते आणि एक-दोन टक्क्यांपलीकडे सरकत नाही. गिअरबॉक्सने ते १५०० फेरे तिसाव्या भागावर आणले की पात्यांचे ५० फेरे होतात. म्हणजे लहानपणी आपण जो वेग पाहत होता, तो महाराष्ट्राच्या वीजजाळ्याचा वेग होता. मंद वारा असो की सोसाट्याचा, फेरे जवळजवळ तेवढेच. वारा फार वाढला की पात्याच्या पाठीवरून हवा सुटून जाई आणि शक्ती आपोआप मर्यादेत राही. रचना साधी आणि दणकट होती, पण वारा बदलला की ते सहा-आठचे गुणोत्तर बिघडे.

आजच्या चक्कीत जनित्र आणि वाहिनी यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक परिवर्तक असतो. जनित्राने कोणत्याही वारंवारतेची वीज दिली तरी परिवर्तक ती ५० हर्ट्झची करून वाहिनीला देतो, त्यामुळे पाती वाऱ्याबरोबर वेग बदलायला मोकळी होतात. १२० मीटरची चक्की आठ मीटर वाऱ्यात साडेनऊ फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि दहा मीटरला बारावर जाते. त्यापुढे वारा कितीही वाढला तरी फेरे वाढू देत नाहीत, पाती आपल्या अक्षाभोवती वळवून जास्तीचा वारा सोडून देतात.

हळू फिरण्याची किंमतही आहे आणि ती पिळात मोजावी लागते. दोन मेगावॅट शक्ती १२ फेऱ्यांना द्यायची तर मुख्य दांड्यावर सुमारे १६ लाख न्यूटन-मीटर पीळ येतो. लहान मोटारीच्या इंजिनाचा पीळ शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटर असतो, यावरून अंदाज यावा. हा पीळ झेलून शंभर-सव्वाशेपट वेग वाढवणारा गिअरबॉक्स हा चक्कीतला सर्वांत कष्टाळू भाग आहे. काही उत्पादक गिअरबॉक्स टाळून भरपूर ध्रुवांचे, कित्येक मीटर व्यासाचे जनित्र थेट पात्यांच्या दांड्यावर बसवतात. ते पात्यांइतकेच हळू फिरते, पण वजनाला भारी असते.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर गेलो असताना भर वाऱ्यात ओळीने चक्क्या बंद होत्या. चौकशी केली तर “लाइन गेली आहे” असे उत्तर मिळाले. वीज तयार करणाऱ्या यंत्राला वीज नाही म्हणून थांबावे लागते, हे कसे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : वरची भातगिरणी पुन्हा आठवा. वाहिनी गेली म्हणजे जनित्राने वीज द्यायची कोणाला, हाच प्रश्न उरतो. वीज जात नाही, म्हणून जनित्र ओढत नाही, म्हणजे नरसाळे एकदम रिकामे. वाऱ्याचा रेटा मात्र तसाच असतो, आणि मोकळी सुटलेली पाती काही सेकंदांतच धोक्याच्या वेगाला पोहोचू शकतात. त्यामुळे वाहिनी तुटल्याचे कळताच चक्की स्वतःला थांबवते. आधुनिक चक्कीत तिन्ही पाती सुमारे ९० अंशांत वळून वाऱ्याला आपली कड दाखवतात. मग उचल उरत नाही आणि हवेचा विरोधच त्यांना मंदावतो. प्रत्येक पात्याची वळवणारी यंत्रणा स्वतंत्र असते, आणि वीज नसतानाही ती चालावी म्हणून बॅटरीत किंवा दाबाखालच्या तेलात ऊर्जा साठवलेली असते. तीनपैकी एखादे पाते अडकले तरी उरलेली दोन चक्की आवरतात. जुन्या लहान चक्क्यांची पाती वळत नसत, फक्त त्यांची टोके आडवी होऊन वेग मारत. डिस्क ब्रेकही असतो, पण मोठ्या चक्कीत तो मुख्यतः थांबलेली पाती धरून ठेवण्यासाठी. पूर्ण वेगातली चक्की केवळ ब्रेकने रोखू पाहिली तर तो तापून निकामी होईल.

याच उत्तरात वादळाचाही हिशेब बसतो. साधारणपणे चक्की सेकंदाला तीन-चार मीटर वाऱ्यावर वीज देऊ लागते, अकरा ते तेरा मीटरला पूर्ण क्षमतेवर येते आणि २५ मीटरला, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, बंद होते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. अशा वाऱ्यात चालू राहून वीज मिळवण्याचा मोह धरायचा नसतो. बंद चक्की मात्र त्याहून मोठे झोत सोसण्यासाठी आखलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकातल्या पहिल्या वर्गात तीन सेकंदांचा ७० मीटर प्रतिसेकंदाचा झोत गृहीत धरतात.

प्रश्न : पाती तीनच का? जत्रेतल्या भिरभिऱ्याला तर कितीतरी असतात. (एक विद्यार्थिनी, अलिबाग)

उत्तर : पाती जास्त असली की सुरुवातीचा पीळ जास्त मिळतो आणि फिरण्याचा वेग कमी राहतो. विहिरीचे पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांना वीस-वीस पाती असत, कारण पंपाचा दांडा थांबलेल्या अवस्थेतून हलवायला पीळच लागतो. वीज करायला वेग हवा, म्हणून पाती कमी. दोन पात्यांनी खर्च आणखी वाचेल, पण दोन पाती उभी असताना आणि आडवी असताना चक्कीचे डोके वाऱ्याकडे वळवायला लागणारा जोर बदलत राहतो, आणि त्याचे हिसके मनोऱ्याला बसतात. तिसऱ्या पात्याने ते हिसके बहुतांशी जातात. चौथ्याने मिळणारी भर त्याच्या किमतीच्या मानाने फार थोडी. भिरभिऱ्याला फक्त फिरायचे असते, म्हणून त्याला कितीही पाती चालतात.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल पवनचक्क्या पाहायला जाणार आहे. मुलांना साधनांशिवाय वेग मोजता येईल का? (एक शिक्षक, मालवण)

उत्तर : घड्याळ पुरेल. एकच पाते डोळ्यांनी धरून ठेवायचे आणि ते मनोऱ्यासमोरून खाली येईल तेव्हा एक मोजायचे. पूर्ण दोन मिनिटे मोजून निम्मे केले की मिनिटाचे फेरे मिळतात. ऊन असेल तर जमिनीवरून सरकणाऱ्या सावल्या मोजणे सोपे जाते, फक्त तिनाने भागायला विसरू नये. मोबाइलच्या चित्रफितीवर विसंबू नका. वेगाने फिरणारी पाती त्यात कधी कधी उलटी फिरताना दिसतात.

पहिला प्रयोग असा करा. वारा मंद असताना एकदा आणि चढल्यावर पुन्हा एकदा त्याच चक्कीचे फेरे मोजा. आकडा जवळजवळ तोच आला तर ती जुन्या, वाहिनीला बांधलेल्या जातीची चक्की. आकडा बदलला तर ती वेग बदलणारी. वेग बदलणारी मोठी चक्की चांगल्या वाऱ्यात पूर्ण वेगावर असेल, तर १४३२ ला फेऱ्यांनी भागून तिच्या व्यासाचा अंदाज काढता येतो, कारण टोकाचा वेग ७५ मीटर धरला की गणित तेवढेच उरते. मिनिटाला अठरा फेरे आले तर व्यास सुमारे ८० मीटर. नंतर तिथल्या तंत्रज्ञाला खरा आकडा विचारून ताडून पाहता येईल.

वाऱ्याचा वेगही उलट्या वाटेने काढता येतो. व्यास ठाऊक असलेली चक्की पूर्ण वेगाच्या खाली फिरत असेल, तर टोकाचा वेग काढून त्याला साडेसाताने भागा; वरचे सहा-आठचे गुणोत्तर इथे साडेसात धरले आहे. १२० मीटरची चक्की साडेनऊ फेरे घेत असेल तर टोक ६० मीटर आणि वारा आठ मीटरच्या आसपास. मुलांनी त्याच वेळी जमिनीवर हातातल्या वातमापकाने वारा मोजला तर तो कमी भरेल आणि त्यांना वाटेल की गणित चुकले. ते चुकलेले नसते. झाडे, बांध आणि खडक जमिनीलगतच्या वाऱ्याला अडवतात. सपाट उघड्या माळावर शंभर मीटर उंचीवर आठ मीटर वारा असेल तेव्हा दहा मीटर उंचीवर तो सहा मीटरच्या आत असतो, आणि मुलांच्या डोक्याच्या उंचीवर त्याहूनही कमी. त्यामुळे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा आणि कोणता किती उंचीवरचा आहे, हेही त्यापुढे नोंदवून घ्या.